‘अ’ अननसाचा : एका तक्त्याची तपासणी

मराठी बालवाडीच्या भिंतीवर दुसरे काही असो वा नसो, मुळाक्षरांचा एक तक्ता हमखास असतो. सारख्या आकाराच्या चौकटी, प्रत्येक चौकटीत एक ठळक अक्षर, शेजारी रंगीत चित्र आणि खाली त्या चित्राचे नाव. अ अननसाचा, आ आईचा, इ इमारतीचा. हाच मजकूर लहान आकारात अंकलिपीच्या पहिल्या पानांवर छापलेला असतो. प्रकाशकागणिक एखाददुसरे चित्र बदलते, पण साचा तोच राहतो. मराठीत एवढा वाचकवर्ग लाभलेले दुसरे पुस्तक क्वचितच असेल.

असे असूनही अंकलिपीचे परीक्षण कोणी लिहीत नाही. कथासंग्रहांची परीक्षणे छापून येतात, इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील एका वाक्यावरून विधानसभेत प्रश्न विचारले जातात. परंतु ज्या मजकुराने मूल लिखित भाषेच्या दारात पाऊल टाकते, त्याच्याकडे आपण भिंतीचा रंग पाहावा तसे पाहतो. या लेखात हे परीक्षण करायचे आहे. तपासायचे प्रश्न तीन. हा तक्ता नेमके काय शिकवतो? ते शिकण्याच्या स्थितीत तीन ते सहा वर्षांचे मूल असते का? आणि जे शिकवायला हवे, त्यातले काय तक्त्यात नाही?

चित्र कशासाठी?

चित्रांच्या साहाय्याने अक्षरे शिकवण्याची कल्पना जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे ‘ऑर्बिस पिक्टस’ हे सचित्र पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्याच्या सुरुवातीलाही चित्रांची वर्णमाला आहे; मात्र तिच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. तेथे कावळ्याच्या चित्राशेजारी कावळ्याचा आवाज दिला आहे आणि तो आवाज ज्या अक्षराने लिहितात ते अक्षर त्यापुढे आहे. कोकराचे बें-बें हे ‘ब’चे निमित्त. म्हणजे चित्र पाहिल्यावर मुलाच्या तोंडून थेट तो आवाजच निघावा, अशी योजना होती.

आपल्या तक्त्यात चित्रावरून आवाजाकडे जाणारा रस्ता लांबचा आहे. मुलाने चित्र ओळखायचे, त्याचे नाव आठवायचे, त्या नावाचा पहिला तुकडा सुटा करायचा आणि मग तो शेजारच्या आकृतीला जोडायचा. चार पायऱ्या झाल्या. त्यांतली पहिलीच पायरी निसटली तर पुढच्या तिन्ही व्यर्थ.

ती किती वेळा निसटते ते पाहा. इडलिंबू, उखळ, एडका, ऐरण, क्षत्रिय, षट्कोन. एडक्याचे चित्र पाहून धनगराच्या घरातले मूल ‘मेंढा’ म्हणेल, शहरातले मूल ‘बकरी’ म्हणेल. दोन्ही उत्तरे समंजस आहेत, पण ‘ए’पर्यंत एकही पोचत नाही. ऐरणीच्या चित्रात हातोडाही काढलेला असला तर मूल हातोडाच पाहणार. मग बाई सांगतात, “याला ऐरण म्हणायचं,” आणि मूल पाठ करते. येथे अक्षर अनोळखी, चित्र अनोळखी आणि शब्दही अनोळखी. समीकरण एक आणि अज्ञाते तीन. असे समीकरण सुटत नाही, पाठच करावे लागते.

जुने शब्द मुलांना सांगूच नयेत असा याचा अर्थ नव्हे. नवा शब्द मुलांना आवडतो आणि गोष्टीतून आलेली ऐरण मूल सहज स्वीकारते. आक्षेप जागेला आहे. अक्षरओळखीच्या चौकटीत चित्राने आधार द्यायचा असतो. ज्या आधारालाच टेकू लागतो, तो आधार कसला?

नियम मध्येच बदलतो

तक्त्याचा न सांगितलेला नियम असा : शब्दाचा पहिला आवाज म्हणजे शेजारचे अक्षर. कमळातला क, घरातला घ, पतंगातला प. पंधरावीस चौकटींनंतर चलाख मुलाला हा नियम उमगतो आणि त्याच सुमारास ‘ण बाणाचा’ येतो. नियम पाळणारे मूल तेथे ‘ब’ म्हणेल. त्याला सांगितले जाते, “चूक. हा ण.” पुढे ‘ळ बाळाचा’ येतो. पुन्हा तेच.

मराठीत ण किंवा ळ ने शब्द सुरू होत नाही, त्यामुळे तक्ता करणाऱ्याचा नाइलाज आहे हे खरे. परंतु नाइलाजाने नियम मोडताना तो मोडला आहे हे सांगायला हवे. निदान शिक्षकाने तरी. ते सांगितले जात नाही. नियम शोधून काढणारे मूल येथे अडखळते आणि नियमाच्या भानगडीत न पडता घोकणारे मूल सुखरूप पुढे जाते. विज्ञान शिकवणाऱ्यांनी यावर विचार करावा. तर्क करणाऱ्याला दंड आणि पाठ करणाऱ्याला शाबासकी, हा शाळेचा पहिला धडा आपण भिंतीवर टांगून ठेवला आहे.

ङ आणि ञ यांच्या चौकटी बहुधा चित्राविना असतात. या अक्षरांना शब्द नाही, असे सांगून आपण पुढे सरकतो. खरे पाहता हे आवाज मूल रोज उच्चारते. ‘अंगठी’तील अनुस्वार म्हणजे ङ्, ‘पंजा’तील ञ्, ‘अंडे’मधील ण्, ‘आनंद’मधील न् आणि ‘आंबा’तील म्. पुढचे व्यंजन तोंडात जेथे उच्चारले जाते, तेथलेच अनुनासिक अनुस्वार घेतो. म्हणजे तक्त्यात ‘अं’च्या चौकटीत अंगठी आहे, तिच्यात ङ आहे आणि काही ओळी खाली ङ ची चौकट मात्र रिकामी आहे. तक्ता आवाजाचा विचार करून केलेला नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आणखी एक जागा ‘च’ची आहे. मराठीत च, ज, झ यांचे उच्चार दोन दोन आहेत. ‘चाक’ आणि ‘चंद्र’ यांतील च सारखा नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द लिहिताना एक आणि बोलताना वेगळे आहेत. तक्त्यात या प्रत्येक अक्षराला चौकट एकच आणि चित्रही एकच. उलट ‘श’ आणि ‘ष’ हे आज बहुतेकांच्या तोंडी एकच झालेले आवाज दोन चौकटी अडवून बसतात. मराठी जशी बोलतात तशीच लिहितात असे आपण अभिमानाने म्हणतो. इंग्रजीच्या तुलनेत ते बरेचसे खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. आणि शिकवणाऱ्याला हा फरक ठाऊक असायला हवा.

क्रम सुंदर, पण कोणासाठी?

वर्णमालेचा क्रम ही भारतीय ध्वनिविचाराची मोठी कामगिरी आहे. प्राचीन शिक्षाग्रंथ आणि प्रातिशाख्ये यांनी आवाजांचे जे वर्गीकरण केले, ते आजच्या ध्वनिविज्ञानालाही मान्य होण्याजोगे आहे. क-वर्ग कंठाजवळचा, नंतर तालू, मूर्धा, दात आणि शेवटी ओठ. वर्णमाला घशापासून ओठांपर्यंत प्रवास करते. प्रत्येक ओळीत पहिला वर्ण अघोष अल्पप्राण, दुसरा अघोष महाप्राण, तिसरा व चौथा घोष आणि पाचवा अनुनासिक.

हे वर्गात पडताळून पाहता येते. तळहात तोंडासमोर धरून आधी ‘त’ म्हणा, मग ‘थ’. थ म्हणताना श्वासाचा झोत हाताला लागतो, हाच महाप्राण. गळ्यावर बोटे ठेवून लांब ‘श्श्श’ म्हणा आणि मग लांब ‘म्म्म’. दुसऱ्या वेळी बोटांना कंप जाणवतो, हाच घोष. सहावी-सातवीच्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

परंतु जाणत्याने केलेले वर्गीकरण हा नेणत्याच्या शिकण्याचा क्रम नव्हे. मेंडेलीव्हची १८६९ ची आवर्तसारणी ही रसायनशास्त्राची शान आहे. म्हणून चौथीच्या मुलांना आपण हायड्रोजन, हेलियम, लिथियम असे ओळीने पाठ करायला लावत नाही. वर्णमालेत मात्र आपण तेच करतो. वर्गीकरणात सारख्या गोष्टी शेजारी येतात आणि लहान मुलाला सर्वांत अवघड जाते ते सारख्या गोष्टींतला फरक ओळखणे. ट, ठ, ड, ढ ही ओळ पाहा. आवाज जवळचे आणि ट, ठ, ढ यांच्या आकृत्याही एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. चार वर्षांच्या मुलाने ही ओळ एका दमात आणि एकाच आठवड्यात शिकायची. तीच गोष्ट घ-ध आणि ब-व या जोड्यांची. फरक एवढाच की, त्या तक्त्यात दूरदूर आहेत, म्हणून त्यांचा घोळ उशिरा ध्यानात येतो.

‘क ला काना का’

तक्ता संपला की बाराखडी येते. क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, क ला दुसरी वेलांटी की. चाल गोड आहे आणि मुले ती आनंदाने म्हणतात. पण या ओळी आवाजाचे नाही, आकृतीचे वर्णन करतात. काना, वेलांटी, उकार ही खुणांची नावे झाली. ‘क’मधला अ जाऊन तेथे आ आला, ही खरी गोष्ट त्यांत कोठेच नाही.

याची कसोटी सोपी आहे. बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला फळ्यावर नुसते ‘लु’ लिहून दाखवा. पुष्कळ मुले ‘ल, ला, लि, ली’ अशी शिडी चढत त्या अक्षरापर्यंत येतात. काही तेथेही थांबत नाहीत, पुढे जातात. त्यांना बाराखडीचे गाणे येते, पण बाराखडी येत नाही.

संख्येचाही विचार करू. ३४ व्यंजने आणि प्रत्येकाची १२ रूपे म्हणजे ४०८ अक्षरे. २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ या स्वरांना वर्णमालेत जागा दिली, तेव्हापासून चौदाखडी धरली तर ४७६. जोडाक्षरे वेगळीच. इतकी अक्षरे सुटी सुटी पाठ करायची म्हटली तर बालपण पुरायचे नाही. परंतु हा गुणाकार आहे आणि गुणाकाराची गंमत अशी की, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे घेतले तरी उत्तर मोठे येते. प्रचलित पद्धतीत आपण आधी सगळी व्यंजने संपवतो आणि मग मात्रांना हात घालतो. त्यामुळे महिनोन् महिने मुलाला वाचता येतात ते केवळ नळ, घर, बदक, कमळ असे शब्द. मग वाक्ये येतात ती ‘मगन, नळ धर’ या जातीची. अशी मराठी कोणाच्याही घरात बोलली जात नाही.

उलट हिशेब करून पाहा. म, न, क, र, प, ल, त ही सात व्यंजने आणि काना, दुसरी वेलांटी व एक मात्रा या तीन खुणा. सुटी अक्षरे धरून एकूण २८. एवढ्यावर नाक, कान, पान, रान, पाल, मका, पीक, लाल, काका, मामा, काकी, नात हे शब्द होतात. आणि ‘मामा रानात काम करतात’, ‘मीना, ताक पी’ ही वाक्येही होतात. एका बाजूला ४८ चौकटी आणि मगनचा नळ. दुसऱ्या बाजूला दहा खुणा आणि घरातले बोलणे. कोणत्या वाटेने गेलेल्या मुलाला ‘लिहिलेले म्हणजे बोललेलेच’ हे लवकर कळेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

डोळ्याआधी कान

तक्त्याची सर्वांत मोठी उणीव त्याच्या जातीतच आहे. तो पाहण्याची वस्तू आहे. वाचनाची पूर्वतयारी मात्र डोळ्यांपेक्षा कानांची अधिक असते.

इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांनी शब्द ऐकायचा आणि त्यात जितके तुकडे असतील तितक्या वेळा काठीने टकटक करायचे. एका गटाने शब्दावयव मोजायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘चि-म-णी’चे तीन. दुसऱ्या गटाने त्याहून बारीक, सुटे ध्वनी मोजायचे. चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना शब्दावयव मोजता आले, सुटे ध्वनी मोजणे एकालाही जमले नाही. पहिलीच्या अखेरीस हे प्रमाण अनुक्रमे ९० आणि ७० टक्के झाले. शब्दाचे अवयव लहान मुलाला आधी ऐकू येतात, सुटे ध्वनी नंतर.

ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ मध्ये इंग्लंडमधील मुलांवरचा अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. यमक आणि आरंभीचा सारखा आवाज ओळखण्याचा सराव ज्या मुलांना दिला, त्यांची वाचन-लेखनातील प्रगती अधिक झाली. आणि या सरावाला प्लास्टिकच्या सुट्या अक्षरांची जोड दिली तेव्हा ती सर्वांत अधिक झाली. म्हणजे कान आणि हात एकत्र यावे लागतात.

मराठीच्या दृष्टीने यात मोठी अनुकूल गोष्ट आहे. आपले लिखित अक्षर सुट्या ध्वनीचे नसून जवळजवळ शब्दावयवाचे असते. ‘मामा’ हा शब्द कानाला दोन तुकड्यांचा आणि कागदावरही दोन अक्षरांचा. चार वर्षांच्या कानाला जे ऐकू येते, तेच आपली लिपी लिहिते. मुलांच्या खेळात याचा पुरावा सापडतो. सातआठ वर्षांची मुले ‘च’ची भाषा बोलतात. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला च लावायचा. ‘कुठे’चे ‘चठेकु’ होते. येथे मुले ‘कु’ अख्खाच उचलतात. क वेगळा आणि उकार वेगळा असे कोणी करत नाही. भेंड्यांतही शेवटचे अक्षर पकडायचे असते आणि ज्या मुलांना लिहितावाचता येत नाही, तीही मोठ्यांच्या बरोबरीने ते पकडतात. ही पूर्वतयारी मुले अंगणातून घेऊन येतात, आणि आपण ती दाराबाहेर ठेवायला लावून त्यांना तक्त्यासमोर बसवतो.

अक्षराच्या आतले ध्वनी, म्हणजे ‘का’तील क् आणि आ, मुलांना कधी जाणवू लागतात? सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे असे दिसले की अक्षरज्ञान पुरे व्हायला इंग्रजीच्या मानाने बरीच अधिक वर्षे लागतात आणि सुट्या ध्वनींची जाणही सावकाश, अक्षरांची ओळख वाढत जाते तशी येते. कन्नडची लिपी आकृतीने वेगळी असली तरी रचनेने देवनागरीसारखीच आहे, म्हणून हा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे.

उसना उपाय

तक्त्याला कंटाळलेल्या काही शाळांनी अलीकडे इंग्रजीतील ‘फोनिक्स’ पद्धत मराठीला लावायला सुरुवात केली आहे. क चा उच्चार ‘क्’ असा अर्धाच करायचा, मग ‘क्-आ-न्, कान’ अशी जोडणी करायची. इंग्रजीत या पद्धतीला कारण आहे. तेथे २६ अक्षरांनी सुमारे ४४ ध्वनी लिहायचे असतात आणि अक्षराचे नाव त्याच्या आवाजाविषयी अनेकदा दिशाभूल करते. ‘डब्ल्यू’ या नावात व चा पत्ताच नाही. मुलाने नाव बाजूला ठेवून आवाज शिकावा, हा आग्रह तेथे योग्य आहे.

मराठीत अक्षराचे नाव हाच त्याचा आवाज आहे. चार वर्षांच्या मुलाला सहज ऐकू येणारा ‘का’ फोडून त्याला न ऐकू येणारे ‘क्’ आणि ‘आ’ आधी द्यायचे, म्हणजे सोपे सोडून अवघडाकडे जाणे होय. दुखणे एकाचे आणि औषध दुसऱ्याला, असा हा प्रकार आहे. मुलांना मराठीत ‘काका, कागद, काकडी’ असे एका अक्षराचे सोबती शोधू द्यावेत. ‘का’ आणि ‘मा’ यांत शेवट सारखा आहे, हे त्यांच्या ध्यानात येईल तेव्हा काना शिकवण्याची वेळ झाली असे समजावे.

‘चुकलेले’ शब्द काय सांगतात?

मूल स्वतःहून लिहू लागते तेव्हा काय होते? चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये शाळेत न गेलेल्या इंग्रजीभाषक मुलांच्या लेखनाचा अभ्यास मांडला. ट्रक हा शब्द ‘टी-आर’ने सुरू करण्याऐवजी काही मुले ‘सी-एच-आर’ने सुरू करत होती. नीट ऐकले तर इंग्रजी ‘ट्र’ खरोखरच ‘च्र’च्या जवळ जातो. मोठ्यांनी शब्दलेखन पाठ केल्यामुळे त्यांना तो ऐकू येईनासा झालेला असतो.

मराठी मुलाचे ‘मुल्गा’, ‘कर्वत’, ‘रुशी’, ‘द्न्यान’ हे शब्द याच दृष्टीने वाचावेत. ‘मुलगा’मधला ल आपण अकारासह म्हणत नाही, ‘ऋ’ रु सारखा म्हणतो, ‘ज्ञ’ द्न्य सारखा म्हणतो. मुलाने ऐकले ते लिहिले. ही चूक नसून शब्दलेखनाच्या शास्त्रातला पहिला सिद्धांत आहे. तो पुढे दुरुस्त व्हायचा आहे इतकेच.

ऱ्हस्वदीर्घाचेही तसेच. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहावा, ‘मूल’ पण ‘मुलाला’ लिहावे, हे १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांतले संकेत आहेत. ते पाळायचे आहेतच. पण ते चौथीत समजण्याजोगे आहेत. बालवाडीत ‘पाणि’वर लाल रेघ ओढून ते समजत नाहीत.

येथे बोलीचा प्रश्न येतो आणि तो हळवा आहे. वऱ्हाडातले मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते. पुष्कळ घरांत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. अशा मुलापुढे ‘ळ बाळाचा’ ठेवला तर तक्त्यातला आवाज त्याच्या घरात नसतोच. त्याने ‘पानी’ लिहिले तर ते अगदी अचूक ऐकून लिहिलेले असते. ते चूक ठरवताना आपण केवळ अक्षर खोडत नाही, त्याच्या आईचा उच्चार खोडतो. “घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात” एवढे एक वाक्य शिक्षकाने म्हटले तर दोन्हींचा मान राहतो.

‘आम्हीही यावरच शिकलो’

या साऱ्यावर ठरलेले उत्तर असे मिळते : आम्हीही याच तक्त्यावर शिकलो, आमचे काय बिघडले? जे शिकले, त्यांच्या घरात बहुधा वर्तमानपत्र येत होते, पोथी वाचली जात होती, कोणीतरी पुस्तक मांडीवर घेऊन बसत होते. लिहिलेल्यात बोललेले दडलेले असते, हे त्यांना तक्त्याआधीच कळले होते. तक्त्याने शेवटची वीट बसवली आणि साऱ्या घराचे श्रेय घेतले. ज्या घरात पाटीपुस्तक पहिल्यांदाच आले आहे, तेथल्या मुलाला मात्र तक्ता हीच वाचनाची पहिली आणि एकमेव ओळख असते. म्हणून तक्त्याचे दोष सर्वांना सारखे भोवत नाहीत. ते निवडून गरिबाच्या मुलाला भोवतात.

भारतीय भाषांतील साक्षरतेविषयी एक दीर्घ अभ्यास या शतकाच्या दुसऱ्या दशकात कर्नाटकातील यादगीर आणि आपल्याकडील पालघर जिल्ह्यातील वाडा येथे झाला. पहिलीपासून तिसरीपर्यंत मुलांचा मागोवा घेताना दिसले की, वर्गातील पुष्कळ वेळ उतरवून काढण्यात आणि एकसुरात म्हणण्यात जातो, आणि तरीही तिसरी संपताना कितीतरी मुलांना साधा मजकूर वाचता येत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे ध्येय ठेवले. ध्येय योग्य आहे. धोका एवढाच की, त्याचा दाब खाली सरकत बालवाडीवर यावा आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हातात चार रेघी वही द्यावी. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच बालवाडीत वाचन, लेखन आणि अंकांच्या औपचारिक शिक्षणाचा भडिमार करू नये असे बजावले होते.

याला महाराष्ट्रात पर्याय नव्हता असेही नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत आणि फिरवताना अक्षराचे नाव न घेता आवाज काढत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे हीच तत्त्वे घेतली, पण महागड्या साधनांच्या जागी परिसरातली पाने, बिया, शिंपले आणले. वारली मुलांसमोर त्यांनी ऐरण ठेवली नाही. मुलांच्या हाती रोज येत होते, तेच ठेवले. पद्धत आपली करणे म्हणजे काय, ते येथे पाहावे.

काय करता येईल?

तक्ता फाडून टाकावा असे मी म्हणत नाही. तो शेवटी यावा. अक्षरे ओळखीची झाल्यावर त्यांची वर्गवारी म्हणून मुलांनी तो पाहावा, तेव्हा त्याचे सौंदर्यही दिसेल.

त्याआधी काही साध्या गोष्टी करता येतील. रोज दहा मिनिटे नुसती ऐकण्याची असावीत. प्रत्येकाने आपल्या नावाच्या टाळ्या वाजवाव्यात; मीनाच्या दोन, सलीमाच्या तीन. ‘पा’ने सुरू होणारी वस्तू दप्तरातून शोधावी. ‘पाल, पान, माती, पाय’ यांत वेगळा कोण, ते सांगावे. पाटी-पेन्सिल यासाठी लागत नाही.

पहिले अक्षर मुलाच्या स्वतःच्या नावातले असावे. सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी न्यूझीलंडमधील माओरी मुलांना त्यांनी स्वतः मागितलेल्या शब्दांवर वाचायला शिकवले. १९६३ च्या ‘टीचर’ या पुस्तकात ते अनुभव आहेत. मुलाला ज्या शब्दाची भीती वाटते किंवा ज्याची ओढ वाटते, तो शब्द ते एकदा पाहून विसरत नाही.

व्यंजने पाचसात झाली की काना द्यावा. दिसायला आणि ऐकायला सारखी अक्षरे एकत्र देऊ नयेत. चित्रे हवीत तर मुलांनीच काढावीत. प्रत्येक बालवाडीचा तक्ता वेगळा व्हावा. समुद्रकाठच्या शाळेत ‘म’ मासळीचा असेल, डोंगरावर मोहाचा. ‘ण’ आणि ‘ळ’ शिकवताना स्पष्ट सांगावे, हे आवाज शब्दाच्या आत किंवा शेवटी बसतात, तेथे शोधा. आणि मुलाने मनाने काही लिहिले तर आधी ते वाचून दाखवावे. दुरुस्तीसाठी पुढची दहा वर्षे आहेत.

या तक्त्यातल्या एका अक्षराचे मराठीत विशेषण झाले आहे. ब्राह्मीपासून ज्याचे रूप बदलले नाही तो ‘ढ’, म्हणून न शिकणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, अशी एक उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, न बदलणे हाच ‘ढ’पणा असेल, तर तो शब्द मुलासाठी वापरण्यापूर्वी एकदा भिंतीकडे पाहायला हवे. समोर बसलेले मूल रोज नवा शब्द शिकते, रोज एखादा नियम शोधते, मोडते आणि पुन्हा बांधते. तक्ता मात्र अजून अननसापाशीच उभा आहे.